स्लॅबखालचं ताट

१

आमच्याकडे स्लॅब टाकायचा दिवस म्हणजे बेंदूर आणि दिवाळी एकदम आल्यासारखं असतं. पहाटे मालक नारळ फोडतो, मिक्सर धडधडायला लागतो, चाळीस-पन्नास माणसं हातोहात घमेली वर पोचवतात आणि दुपारी शेवटचं घमेलं रिकामं झालं की सगळ्यांना मटणाचं जेवण. मालक कितीका चिकट असेना, त्या दिवशी हात आखडला तर संपला. रस्सा पातळ निघाला ही बातमी कागलपासून इचलकरंजीपर्यंत संध्याकाळच्या आत पोचते आणि पुढच्या स्लॅबला त्याला गवंडी मिळत नाही.

माझे वडील, दादासो कांबळे, म्हणजे आमचे आप्पा, सेंटरिंगचे मिस्त्री. ओला स्लॅब वाळेपर्यंत ज्या फळ्यांवर आणि लाकडी टेकूंवर पडून असतो, ते सगळं उभं करणारा माणूस. शेकडो स्लॅब त्यांनी उचलून धरले, पण तीस वर्षांत स्लॅबचं जेवण एकदाही पंगतीत बसून जेवले नाहीत. सगळे मांडवात बसायचे आणि आप्पा ओल्या स्लॅबखाली, टेकूंच्या गर्दीत, मांडी घालून एकटेच.

"कच्चा स्लॅब म्हंजे तान्हं पोर हाय," ते म्हणायचे. "त्येला एकटं टाकून रस्सा वरपत बसायचं व्हय?"

स्वयंपाक करणाऱ्या चिमणाबाईंनाही हे इतकं सवयीचं की पहिलं ताट त्या न विचारता खाली नेऊन द्यायच्या. जेवून झालं की आप्पा कमरेचा हातोडा काढून प्रत्येक टेकूला एक ठोका द्यायचे. घट्ट टेकू 'ठक्' वाजतो. ढिला 'भद्' करतो. आईबरोबर डबा घेऊन साइटवर जायची तेव्हापासून मला हे दोन आवाज झोपेतही वेगळे ओळखू येतात.

२

दोन हजार सात सालच्या दिवाळीनंतर आमचे कॉन्ट्रॅक्टर अमरसिंहदादा पुण्याला कसलंसं प्रदर्शन बघून आले आणि ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या ओरडले, "निशा! आता आधी कॉम्प्युटरात बांधायचं, आन मग जमिनीवर!"

अमरसिंहदादांचा आवाज असा की फोनवर बोलले तरी पलीकडच्याला फोनची गरज वाटू नये. हायवेला कागलच्या अलीकडे ते स्वतःचं मंगल कार्यालय बांधायला काढत होते. त्यासाठी त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला, नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते शिकायला मला, सिव्हिल डिप्लोमावालीला, पंधरा दिवस पुण्याला धाडलं. तिथं मी "सर, मी जेवून येतो" म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, त्यात हसायचं काय ते मला अजून कळलेलं नाही. शेवटच्या परीक्षेत मीच पहिली आले, मग कुणी हसलं नाही.

ते सॉफ्टवेअर मात्र झकास होतं. खांब, तुळया, जिने, पाण्याचे नळ, सगळं पडद्यावर खऱ्या मापात उभं करायचं आणि प्रत्येक वस्तूला तारीख द्यायची. खाली तारखांची एक पट्टी असायची. ती सरकवली की इमारत दिवसादिवसानं वाढताना दिसायची. आणि एक बटण दाबलं की कोण कुणाला आडवं येतंय याची यादी बाहेर पडायची. दर सोमवारी मी ती 'धोक्यांची यादी' छापून साइटवरच्या पत्र्याच्या केबिनच्या भिंतीवर चिकटवत असे.

पहिल्याच यादीत स्वयंपाकघराचं धुराडं थेट तुळईतून जाताना सापडलं. दुसऱ्या यादीत जिन्यावरची उंची कमी निघाली. उंच नवरदेव फेटा बांधून चढला असता तर डोकं आपटलं असतं. अमरसिंहदादा केबिनमध्ये नाचले. "नवरदेवाचा फेटा वाचला रं!" म्हणून त्यांनी सगळ्या साइटला पेढे वाटले आणि तिथंच जाहीर केलं की या हॉलमधलं पहिलं लग्न निशाचं. त्या वेळी माझ्यासाठी स्थळसुद्धा बघायला घेतलं नव्हतं!

साइटवरची माणसं माझ्या यादीला 'निशाचं पंचांग' म्हणायला लागली. कुठला नळ कुठून जातो, काय कधी होणार, कुणी कुणाला विचारेना. पंचांगात असेलच की. आप्पा तेवढे मिशीत हसायचे. "माझ्या वळंब्याच्या दोरीला लाइट लागत न्हाय," म्हणायचे. तेव्हा दिवसाचे सहा-सहा तास लाइट जायची.

एक अडचण होती. टेकू मांडले की यादीत सातशे बारा धोके यायचे, कारण प्रत्येक टेकू स्लॅबला टेकलेला. आता टेकू स्लॅबला टेकणारच, नाही तर त्याला टेकू कशाला म्हणायचं? म्हणून मी एक खूण काढून टाकली. तात्पुरत्या वस्तू तपासणीत धरायच्या नाहीत. यादी एकदम चकाचक झाली आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

३

एप्रिलच्या पंधरा तारखेला, मंगळवारी, मी केबिनमध्ये बसले होते. आदल्या दिवशीच्या जयंतीच्या मिरवणुकीत नाचून पाय भरून आले होते, आणि त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी आप्पा शिरोळला जाऊन माझं लग्न ठरवून आले होते. मुलगा नागसेन, तिथल्या हायस्कुलात गणिताचा मास्तर. मी हवेतच होते म्हणा ना.

काम साधंच होतं. आप्पा शिरोळला गेले त्या दोन दिवसांत नळवाल्यानं सांडपाण्याचा चर ठरल्याच्या आधीच खणून, नळ टाकून, वरवर माती ठोकून बुजवूनही टाकला होता. त्याची तारीख बदलायची होती. ती बदलली. मग सहज पट्टी सरकवत गेले. सोळा, सतरा, अठरा. टेकू उभे राहिले. वीस, बावीस. चोवीस तारीख, हॉलच्या मोठ्या स्लॅबची.

सी-चार खांबापाशी कुणीतरी बसलेलं होतं.

खांबांना आम्ही नकाशातल्या अक्षरानं आणि आकड्यानं हाक मारतो. सी-चार म्हणजे हॉलच्या चोवीस खांबांतला मधला. मी आधी घाबरले नाही, कारण मॉडेलमध्ये माणसं असतातच. उंची कळावी म्हणून सॉफ्टवेअरबरोबर ती तयार मिळतात: सुटातला साहेब, आखूड केसांची बाई, फुगेवाली पोरगी. सगळे परदेशी. साइटवर कुणी पडद्यात डोकावलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ही पावणं कुठली म्हणायची?"

पण ती सगळी उभी असतात किंवा चालत असतात. हा मांडी घालून बसला होता.

आणि दुसरी गोष्ट. ही माणसं पुठ्ठ्याच्या चित्रासारखी सपाट असतात, म्हणून तुम्ही मॉडेलमध्ये कुठूनही पाहिलंत तरी ती फिरून तुमच्याकडेच तोंड करतात. तशी सोयच केलेली असते. मी डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. सी-पाचच्या बाजूनं, त्याच्या समोरून पाहिलं.

प्रत्येक वेळी मला त्याची पाठच दिसली.

४

मी त्याला पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो होता.

आमच्या घरात भुताला बंदी आहे. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा देव्हारा आणि अंगारे-धुपारे एकाच दिवशी घराबाहेर गेले, ते परत आले नाहीत. लहानपणी मी अंधाराला घाबरले की आप्पा मला हाताला धरून त्याच अंधारात न्यायचे आणि म्हणायचे, "हात लाव. काय लागतंय का?" त्यामुळे मी जे करायचं ते केलं. पुण्याला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बसलेली आकृतीच नाही." व्हायरस म्हणावं तर बाकी सगळं ठणठणीत. कॉम्प्युटरला कुणी हात लावावा तर केबिनची चावी माझ्या पर्समध्ये.

मग मी स्लॅबची तारीख मॉडेलमध्ये एक दिवस पुढं ढकलून बघितली. चोवीस तारखेला सी-चार रिकामा झाला. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले. पट्टी पंचवीसवर सरकवली.

तो पंचवीसला बसला होता.

तारीख परत चोवीस केली आणि अमरसिंहदादांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याला नाक लावलं. "कोण हाय ह्यो?"

"कुणी न्हाय, दादा. मी घातला न्हाय ह्याला."

"आगं मग बसू दे की! स्लॅबला आलाय म्हंजे जेवायलाच आलाय. एक ताट जादा करू." आणि गडगडाटी हसून ते सिमेंटच्या गाडीकडे निघून गेले.

सोमवारी दुपारी मी आप्पांना म्हटलं, चला, सी-चारखालचे टेकू परत बघू या. शंका आली की बघायचं, हा त्यांचाच धडा. आम्ही दोघं वाकून आत शिरलो. वर फळ्यांचं छत, चारी बाजूंना बल्ल्या, ओल्या मातीचा आणि डांबरट तेलाचा वास. आप्पा ठोकत गेले आणि मी मोजत गेले. खांबांमधल्या त्या गाळ्यात छत्तीस टेकू होते. ठक्, ठक्, ठक्. सगळे घट्ट. पस्तीस, छत्तीस. आप्पांनी हातोडा कमरेला अडकवला.

ठक्.

"घुमतंय," आप्पा म्हणाले. "रिकाम्या जागंत आवाज घुमतो."

खरंच घुमतो. पण घुमायचा तर पहिल्या पस्तीस वेळा का नाही घुमला?

५

तेवीसच्या दुपारी शेवटची यादी काढली. 'धोके: शून्य.' ती भिंतीला चिकटवली आणि केबिनचं दार लावून पट्टी चोवीसवर नेली.

त्याच्यापुढं आता ताट होतं.

मी जवळ जाऊन पाहिलं. वाकलेली पाठ, उजव्यापेक्षा उतरलेला डावा खांदा. तीस वर्षं डाव्या खांद्यावरून बल्ल्या वाहिल्या की माणसाचा खांदा असा उतरतो. हा खांदा मी रोज घरी बघते. आंघोळ करून आप्पा आरशापुढं भांग पाडतात तेव्हा बघते.

धोक्यांची यादी करणं हे माझं काम होतं, आणि माझ्यापुढं असा एक धोका बसला होता ज्याला यादीत रकाना नव्हता. स्लॅब थांबवा म्हणून कुणाला सांगू? कशाच्या जोरावर? माझ्याच सहीचा 'शून्य' भिंतीवर होता. आणि दिवस ढकलून उपयोग नव्हता, ते मी बघितलं होतं. एकच करता येण्यासारखं होतं. उद्या जेवणाच्या वेळी आप्पा त्या स्लॅबखाली नसले पाहिजेत. त्या आडमुठ्या माणसाला तीस वर्षांत कुणी हलवू शकलं नव्हतं, मालकही नाही.

घरी आले. आप्पा अंगणात हातोड्याला नवीन दांडा बसवत होते. मी शेजारी जाऊन बसले.

"आप्पा, उद्या मी तुमच्याशेजारी बसून जेवतो. पंगतीत."

"तू बस की पंगतीत. मी आपला खाली..."

"न्हाय. दोघांनी. लग्न झालं की मी शिरोळच्या पंगतीत बसणार. आजपतोर एका तरी स्लॅबला आपण शेजारी बसून जेवलोय का? आठवून सांगा."

त्यांचा हात थांबला. मी कारण खोटं दिलं होतं आणि तरी त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. बोलता बोलता मलाच रडू यायला लागलं.

"येडी पोरगी," आप्पा म्हणाले. दांडा ठोकून पक्का बसवला, मग म्हणाले, "बरं. एवढ्या डाव."

६

चोवीस तारखेचा दिवस इतका सुंदर उगवला की मला माझ्याच भीतीची लाज वाटली. अमरसिंहदादांनी दोन भोंगे लावले होते. घमेली वाजत होती, बायका एकमेकींना नावं घेऊन चिडवत होत्या, आणि माझं ठरल्याचं कळल्यावर तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. "निशा, मास्तर उखाण्यात पाढं म्हननार की गं!" सकाळी पाण्याची टाकी भरून वाहिली आणि लोट हॉलमधून खालच्या अंगाला गेला. माझ्या नव्या चपला चिखलानं भरल्या म्हणून मी टाकीवाल्यावर ओरडले. तेवढंच मला त्या पाण्याचं वाटलं.

अडीचला शेवटचं घमेलं वर गेलं. शिट्ट्या, टाळ्या, एकानं डोक्याचं मुंडासं हवेत उडवलं. आप्पा खाली जाऊन एक फेरी मारून आले. मांडवात पट्ट्या अंथरल्या होत्या. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं, ज्वारीच्या भाकरी, कांदा-लिंबू. आप्पा माझ्याशेजारी येऊन बसले तेव्हा सगळी पंगत ओरडली. "दादासो मिस्त्री वर आला!" अमरसिंहदादांनी तर दुसरा नारळ फोडला. आप्पा लाजले. मी त्यांना असं लाजताना कधी बघितलं नव्हतं. जिवाला इतकं बरं वाटलं की त्या क्षणी मी सी-चार पार विसरून गेले.

चिमणाबाई रश्श्याची बादली घेऊन वाढत वाढत आल्या. माझ्या ताटात वाढलं. आप्पांच्या ताटावर पळी नेली आणि ती तशीच धरून उभ्या राहिल्या.

"दादासो, तू वर कवा आलास?"

"मघाच. का?"

"आरं, आता तर तुला खाली वाढून आले की मी."

७

"थट्टा करतीस व्हय?" आप्पा हसले.

"थट्टा कशाची? नेहमीसारखं पहिलं ताट घेऊन गेले. त्या मधल्या खांबाला पाठमोरा बसलावतास. ताट ठेवलं, रस्सा वाढला. बस म्हणून हात आडवा केलास की." आणि मग त्यांनाच आपलं बोलणं ऐकू आल्यासारखं झालं, बादली खाली ठेवून त्या मटकन बसल्या.

भोंग्यातलं गाणं संपलं होतं. पुढचं सुरू व्हायच्या मधल्या जागेत हॉलकडून आवाज आला.

ठक्.

कुणीतरी टेकू तपासत होतं. सावकाश, एकेक. ठक्. ठक्. घास तोंडाशी नेलेले हात तिथंच थांबले. आप्पांनी कमरेला हात लावला. हातोडा कमरेलाच होता.

"खाली कोण हाय?" आप्पा म्हणाले.

ठक्. ठक्. भद्.

तो आवाज आमच्या दोघांच्या अंगातून गेला. आप्पा ताडकन उठले. "ढिला झालाय! माणूस हाय खाली, त्येला भाईर काढा!" मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. त्यांनी झटका दिला, मी फरफटत गेले, ताट उलटलं, पण हात सोडला नाही.

"सोड, निशा! माणूस हाय खाली!"

"न्हाय, आप्पा! त्यो माणूस न्हाय!"

जन्मात पहिल्यांदा मी असं काही बोलले, आणि तेही आप्पांपुढं. ते माझ्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात अमरसिंहदादांचा आवाज कडाडला, "कुणी जाग्यावरनं हलायचं न्हाय! नावं घेतो, हाय म्हना!" आणि ते पाठ असलेली हजेरी ओरडत सुटले. आकाराम, हाय. ज्ञानू, हाय. धोंडुबाई, हाय. त्रेचाळीस नावं, त्रेचाळीस हाय.

भद्, झालं पुन्हा. मग कडकड मोडल्याचा आवाज, आणि सी-चारभोवतालचा गाळा, ओलं काँक्रीट, सळ्या, फळ्यांसकट, खाली बसला.

धूळ नाही उडाली. ओलं होतं ना सगळं. नुसता एक जड, ओला आवाज झाला आणि मग मिक्सरच्या पट्ट्यावर बसलेला कावळा ओरडला, तेवढंच.

८

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून तो ढीग उपसला. आप्पा सर्वात पुढं. हजेरी पुरी होती तरी कुणी थांबायला तयार नव्हतं. माणूस सापडला नाही. खांबाच्या बुडाशी एक स्टीलचं ताट सापडलं. कडेला थोडं चेपलेलं. त्यात रश्श्याचा थेंब नव्हता, भाकरीचा तुकडा नव्हता. नळीची दोन हाडं तेवढी एका कडेला नीट लावून ठेवलेली.

चिमणाबाईंनी ते ताट पदरानं पुसलं. "पोटभर जेवला," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मॉडेलमध्ये काढून टाकलेली ती खूण परत घातली. तात्पुरत्या वस्तूही तपासायच्या. यादी आली सातशे तेरा धोक्यांची. सातशे बारा नेहमीचे. सातशे तेरावा: 'टेकू आणि सांडपाण्याचा चर, सी-चार.' बुजवलेल्या चरावरच्या भुसभुशीत मातीवर टेकू उभे होते, आणि सकाळच्या पाण्यानं ती माती बसली. चर बुजवला तेव्हा आप्पा माझं लग्न ठरवायला शिरोळला होते. ते आल्यावर त्यांना सांगायला तोंड होतं मला, पण मॉडेलमध्ये घातलंय म्हणजे सगळ्यांना कळलंच, असं मी धरून चालले. मी आप्पांपुढं बसून हे सगळं सांगितलं आणि पोटभर रडले.

आप्पा रागावले नाहीत. "चुकलं तर चुकलं. म्होरल्या खेपंला टेकू मोजायचं, आन मला तोंडानं सांगायचं," एवढंच म्हणाले. मग हातोड्याच्या नव्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "माझ्या जाग्यावर बसला म्हंजे," ते म्हणाले, "टेकूवर ध्यान ठिवायलाच बसला आसंल."

मी पट्टी चोवीसवर सरकवून बघितली. सी-चार रिकामा होता. खोटं कशाला सांगू, मला थोडं वाईटच वाटलं.

स्लॅब जूनच्या आधी परत टाकला आणि डिसेंबरात त्या हॉलमधलं पहिलं लग्न माझंच झालं. काय सांगू त्या दिवसाचं! अख्खी साइट नवे कपडे घालून आली होती. त्रिशरण-पंचशील झालं, तीनदा 'साधू' झालं, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या उडाल्या, आणि नागसेननं उखाण्यात खरंच बाराचा पाढा घातला. अमरसिंहदादा जिन्याच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला उंची दाखवत होते, "बघा, फेटा लागत न्हाय!"

जेवायला बसलो. आप्पा माझ्या डाव्या हाताला, आपणहून. समोर सी-चार, झेंडूच्या माळा गुंडाळलेला. चिमणाबाईंनी पहिलं ताट वाढलं ते खांबाच्या पलीकडे, आम्हाला दिसणार नाही अशा अंगाला नेऊन ठेवलं. मी आप्पांकडे बघितलं. आमच्या घरात भुताला बंदी. आप्पा म्हणाले, "तिला म्हनावं जिलबी दोन जादा ठिव. लग्नाचं जेवान हाय."

तेवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले, बँडवाल्यांचा माइक मुका झाला, आणि भर दुपारच्या उजेडात आठशे माणसांचा हॉल घटकाभर गप्प झाला.

ठक्.

लांब, दाराजवळच्या खांबाशी. मग त्याच्या शेजारच्या. मी मान वळवली नाही. नागसेन कुणाशी तरी बोलत होता, त्याला ऐकू आलं नाही. आप्पांचा घास हातातच राहिला होता आणि ओठ हलत होते. ते मोजत होते. आवाज एकेका खांबावरून सावकाश पुढं येत गेला, सी-चारवर आला, ठक्, आणि आमच्या मागून भिंतीपर्यंत गेला. शेवटचा ठोका झाला आणि पंखे फिरायला लागले.

"चोवीस," आप्पा म्हणाले. "समदं घट्ट हाय. जेव आता."